विद्यार्थ्याशी नाते

कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे मामा म्हणत. त्यांना सख्खी काय, चुलत बहीणही नव्हती, तेव्हा हे नातं निव्वळ सोयीचं होतं. पण सोयीची नातीच माणूस जास्त मनापासून निभावतो असं त्यांचं मत होतं, आणि सात वर्षांत ते त्यांनी आठ वेळा सिद्ध करून दाखवलं होतं.

त्याचं असं होतं, की कॉलेजच्या शिस्तपालन समितीपुढे कुणाही विद्यार्थ्याला एकट्यानं उभं राहता येत नसे. सोबत पालक लागे. पालक परगावी असतील तर गावातला जवळचा नातेवाईक चाले. हॉस्टेलवरच्या पोरांचे पालक परगावीच असतात, आणि त्यांच्या कानावर असलं काही गेलं की ते आधी येऊन पोराची ट्रंक भरतात. पोरगी असली तर ती ट्रंक पुन्हा उघडतही नाही. म्हणून सुनावणीच्या आदल्या दिवशी नोटिशीची प्रत काढायला आलेलं पोरगं काउंटरपाशी घुटमळे. मामा नोटीस वाचत, चष्मा पुसत आणि विचारत, "काका हवाय की मामा?"

आठपैकी पाच वेळा ते मामा झाले होते, दोनदा काका आणि एकदा आजोबा. आजोबा झाल्याचं त्यांना अजून लागून राहिलं होतं. वय तेव्हा अवघं एकोणपन्नास होतं. बाकी काम सोपं. शर्टाचं वरचं बटण लावायचं, खुर्चीच्या कडेवर टेकायचं, "आमच्या घरात असं कधी झालं नाही हो" हे दोनदा म्हणायचं आणि हमीपत्रावर सही ठोकायची. हमीपत्राचे कोरे नमुने त्यांच्याच दुकानातून छापून जात. पोरांना ते एकच गोष्ट पढवत: "मला सारखं तुम्ही-तुम्ही म्हण. म्हणजे खरं वाटतं." सगळं मिळून साडेतीन मिनिटं. समितीवरची माणसं दर वर्षी बदलत, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं.

एका सोमवारी नोटीस घेऊन त्यांची स्वतःची लेक आली.

ती दुसऱ्या वर्षाला होती. मैत्रिणीची आई दवाखान्यात, मैत्रीण तिच्या उशाशी, आणि हजेरीत मैत्रिणीचा नंबर पुकारला गेला तेव्हा लेकीनं खाली मान घालून "हजर" म्हटलं. तेही आवाज बदलून. पकडली गेली ती पुढे स्वतःचा नंबर आला तेव्हा, कारण आवाज परत बदलायचं राहून गेलं. मामांना राग यायला हवा होता. पण "आवाज बदललास?" असं त्यांनी ज्या सुरात विचारलं, त्याला राग म्हणणं कठीण होतं.

लेकीची आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. गावात राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या आई किंवा वडिलांनीच यावं, असा नियम. म्हणजे काका की मामा हा प्रश्नच उरला नव्हता. या खेपेला निदान खोटं बोलायचं नाही, असं मामा लेकीला म्हणाले, आणि खऱ्या कामाला निघालेल्या माणसासारखे जरा हलकेच जिना चढले.

समितीची खोली पहिल्या मजल्यावर होती. लांब टेबल, त्यावर काच, काचेखाली तीन वर्षांपूर्वीची वेळापत्रकं. मधोमध रसायनशास्त्राच्या अध्यक्षबाई, शेजारी भूगोलाचे सर, कोपऱ्यात रजिस्टर घेऊन लेखनिक. त्याच्या निवृत्तीला सतरा महिने उरले होते आणि ते तो न विचारता सांगे. बाई मागच्याच वर्षीच्या होत्या. समिती बदलायची राहून गेली होती, कारण ती बदलण्यासाठी जी समिती होती तिची बैठकच झाली नव्हती.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण गेल्या महिन्यात कुणाचे तरी मामा होतात."

मामा म्हणाले, तसं सगळे मामाच म्हणतात. उत्तर प्रामाणिक होतं, पण उपयोगाचं नव्हतं. लेखनिकानं रजिस्टर उघडलं. 'पालकाचे विद्यार्थ्याशी नाते' या रकान्यासमोर वेगवेगळी नावं होती, वेगवेगळी अक्षरं होती. मामांनी त्यावर मेहनतच घेतली होती. मात्र भूगोलाच्या सरांना नकाशातली बारीक गावं शोधायची आयुष्यभराची सवय. आठ सह्यांखाली त्यांना टिंबांच्या आठ जोड्या सापडल्या. सही झाली की खाली दोन टिंबं द्यायची, ही मामांची शाळेपासूनची खोड. आपण ती देतो हे त्यांनाही आताच कळत होतं.

"म्हणजे आठ वेळा यांनी आपल्याला मामा बनवलं," सर म्हणाले.

लेखनिकानं रजिस्टर पाहून दुरुस्ती केली, की मामा पाचच वेळा, दोनदा काका. आजोबांचा उल्लेख त्यानं टाळला. मामांना तेवढ्यातही बरं वाटलं.

तेव्हा लेक पुढे झाली. "बाबा, तू काही बोलू नकोस. मी सांगते यांना."

बाईंची पेन्सिल थांबली. दोन वर्षं या खोलीत जी जी पोरं आली होती ती अदबीनं "मामा, तुम्ही बसा" म्हणत होती. आणि ही मुलगी जन्मदात्याला अरे-तुरे करत होती. बाईंनी वहीत काहीतरी टिपलं. खोलीत आलेल्या नऊ नात्यांपैकी एकच खरं होतं, आणि नेमकं तेच ऐकायला खोटं वाटत होतं.

मामांनी पिशवीतून लेकीचा जन्मदाखला काढला. मूळ प्रत, लॅमिनेट केलेली. हे लॅमिनेशन त्यांनी स्वतः केलं होतं, चारी बाजूंनी बोटभर कड सोडून, आत एकही बुडबुडा नाही. सरांनी तो उजेडात धरला आणि काम चांगलं झाल्याचं कबूल केलं. बाई म्हणाल्या, लॅमिनेट केलेलं मूळ कागदपत्र ग्राह्य धरता येत नाही. आणि धरायचं तरी कसं?

"तुमच्या दुकानातून उद्या मी माझाही जन्मदाखला आणीन. त्यात मी तुमची मुलगी असेन."

मामांच्या दुकानात तसं करता आलं असतं.

मग बाईंनी त्यांना वाट दाखवली. बाई काही दुष्ट नव्हत्या. आधीची आठही नाती खोटी होती असं मामांनी लिहून दिलं, तर समिती त्यांना या मुलीचे वडील मानायला तयार होती. मामांनी मनातल्या मनात पानं उलटली. नियमपुस्तिकेच्या दोनशे प्रती त्यांनीच काढल्या होत्या, आणि कलम चौदाचं पान फिकट आलं म्हणून पुन्हा काढलं होतं. खोटा पालक आणणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव कायमचं कमी. आठातली पाच पोरं शिकून गेली होती, तिघं अजून शिकत होती. त्यातल्या एकीची ट्रंक त्यांनी डोळ्यांसमोर आणून पाहिली. शिवाय त्याच कलमाचा पोटभाग ब: खोटा पालक म्हणून उभ्या राहिलेल्या व्यक्तीला पुढे कुणाचाही पालक म्हणून उभं राहता येणार नाही. म्हणजे लिहून दिलं तर ते बाप ठरत होते, आणि बाप ठरताच बाद होत होते. उलट, आठही नाती खरीच आहेत असा हट्ट धरला तर नववं खोटं ठरून लेकीचं नाव जात होतं.

त्यांनी लिहूनही दिलं नाही आणि हट्टही धरला नाही, जन्मदाखला पिशवीत परत ठेवला. लेखनिकानं लिहिलं: पालक अनुपस्थित. तो ते लिहीत होता तेव्हा मामा त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. आठ दिवसांत आई किंवा वडील हजर न झाल्यास नाव कमी करण्यात येईल, आणि सदर झेरॉक्सचालकास आवारात प्रवेश नाही.

जिन्यात लेखनिक त्यांच्या मागोमाग आला. त्याला सात वर्षं सगळं दिसत होतं, हे मामांना तेव्हा उमगलं. तो म्हणाला, सतरा महिने राहिलेत, मला यात ओढू नका. आणि मग, कठड्याशी बोलावं तसं:

"समितीला वडील हवेत. तुम्हीच हवेत असं कुठं लिहिलंय?"

मामांच्या शेजारचं दुकान सलूनचं होतं. सलूनवाल्याला मूलबाळ नव्हतं, चेहरा भारदस्त होता आणि तोंड बंद ठेवायचा त्याचा लौकिक होता, जो त्या धंद्यात दुर्मीळ. तो लगेच कबूल झाला. फार उत्साहानं झाला, हे मामांना जरा खटकलं. गिऱ्हाईक नसताना दुपारभर मामा त्याला स्वतःची भूमिका समजावत बसले. बटण, खुर्चीची कड, दोनदा म्हणायचं वाक्य.

"मधे जरा रागावू का तिच्यावर?"

"मी रागावत नाही तिला."

"मग बाप आहे हे कळायचं कसं?"

मामांनी विचार केला आणि परवानगी दिली. सही मामांच्या नावाची करायची, पण सलूनवाल्याच्या वळणानं, टिंबांशिवाय. आजवरचे प्रवेशाचे आणि परीक्षेचे अर्ज ऑनलाइन होते, त्यांत पालकाच्या सहीच्या जागी चौकोनात फक्त खूण करायची होती, त्यामुळे मामांची खरी सही कॉलेजात कुठेच नव्हती.

लेकीनं विचारलं, त्यांना काय म्हणू. मामा म्हणाले, बाबा म्हण. आणि तुम्ही म्हण. ती बराच वेळ वहीचं कव्हर खरवडत बसली. "जमेल," म्हणाली.

आठव्या दिवशी ते दोघं फाटकातून आत गेले आणि मामा दुकानात यंत्र चालवत राहिले. यंत्र मिनिटाला वीस प्रती काढी. सत्तराव्या प्रतीला दोघं जिन्यावरून उतरताना दिसले. कामाला लागायचा तेवढाच वेळ लागला होता.

सलूनवाल्याचे डोळे पाणावले होते. तो सांगत सुटला, की पोरगी रडली, त्याचा हात धरून रडली, आणि त्यालाही भरून आलं. आणि बाई म्हणाल्या, मुलीला वळण चांगलं आहे, वडिलांशी कशी आदरानं बोलते. लेकीनं हमीपत्र काउंटरवर ठेवलं. ऑफिसला तीन प्रती हव्या होत्या.

मामांनी सवयीनं आधी वाचलं. छापील मजकुराखाली बाईंनी हातानं एक कलम वाढवलं होतं: 'सदर विद्यार्थिनीचा फाटकासमोरील झेरॉक्सचालकाशी यापुढे कोणत्याही प्रकारचा संबंध राहणार नाही, याची मी तिचा पिता या नात्याने हमी देतो.' खाली मामांचं पूर्ण नाव, गोल, ठसठशीत अक्षरात. त्यांनी कागद काचेवर सरळ लावला आणि तीन प्रती काढल्या. एक तिरकी आली म्हणून पुन्हा काढली.

नाव राहिलं. लेक कॉलेजच्या वेळात समोरच्या फुटपाथनं जाऊ लागली. महिन्याभरानं परीक्षेचा फॉर्म आला, यंदा प्रथमच कागदावर; त्यावर मामांनी सही केली, आणि फॉर्म परत आला: पालकाची सही नमुन्याशी जुळत नाही. तेव्हापासून सहीचे सगळे कागद सलूनमध्ये जातात. सलूनवाला हात पुसून, चष्मा लावून, सगळं वाचून मगच सही करतो. चाचणीचे गुण आले तेव्हा त्यानं गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून लेकीला विचारलं, की रसायनशास्त्रात का घसरलीस. मधल्या भिंतीला कान न लावताही ऐकू येतं. लेक म्हणाली, "पुढच्या वेळी नाही होणार, बाबा." त्या वाक्यात पढवलेलं काही नव्हतं.

मामांनी त्या दिवशी दुकान जरा लवकर बंद केलं. घरी लेकीनं ताटं मांडली होती. ती वहीतून मान वर न करता म्हणाली, "बाबा, तुम्ही बसा. मी वाढते."

म्हटल्यावर तिच्याही ते लक्षात आलं नाही. मामा बसले.