अंबुजाबाईंच्या नावाचं दार

चौघांनी दार गाडीतून उतरवून मागच्या अंगणात भिंतीला टेकवलं, तेव्हा गोमती सासूच्या तेराव्याच्या खिरीसाठी नारळ खवत होती. पिवळंधमक फणसाचं लाकूड, पितळी कड्या, आणि वरच्या फळीवर ठसठशीत कोरलेलं नाव: अंबुजाबाई.

"पाहा वहिनी," व्यंकोजी म्हणाला, "काकूचें स्मारक. पंगत उठली कीं सुतार बसवील."

गोमतीनं भिंतीतल्या उघड्या चौकटीकडे पाहिलं. अलीकडे विहीर, पलीकडे परटांची आळी.

"आणि त्या बायका पाण्यास कोठून येतील?"

"नदी नाही का?"

"या दिवसांत कावेरींत वाळूच असते, भावजी."

"काकू होती तोंवर आम्ही चालवून घेतलें. आतां घर माझें आहे. ज्यांस दार नको, त्यांनी तिरुनागेश्वरास भावाकडे जावें. गाडी मी देतों."

तो भजनकऱ्यांची व्यवस्था पाहायला ओसरीवर गेला. गोमतीनं खवलेला नारळ अंगणातल्या चुलीवरच्या पातेल्यात घातला. ती विधवा, पोटी मूल नाही. भावाच्या घरी तिला किती जागा होती, ते भावजयीनं मागच्या खेपेला भांडी आपटून सांगितलं होतं.

या चौकटीला पूर्वी दार होतं. पटकीच्या साली परटांच्या आळीत रोज कोणी ना कोणी दगावत होतं. पाणी उकळायला घरात सरपण उरलं नाही, तेव्हा अंबुजाबाईंनी हेच दार फोडून चुलीत घातलं, आणि हंडेच्या हंडे तापवून आळीत नेऊन दिले. साथ सरल्यावर दिरानं, म्हणजे या व्यंकोजीच्या बापानं, नवं दार करायला सुतार बोलावला. बाई पाट घेऊन चौकटीत बसल्या. "तंजावरचें राज्य गेलें तेव्हां दारें लावून आंत बसलांत, आतां पाण्यास कसलें दार लावितां?" असं त्यांनी भर अंगणात विचारलं. सुतार जेवून परत गेला. पुढेही जेव्हा जेव्हा सुतार आला, तेव्हा तेव्हा पाट चौकटीत पडला. गटार तुंबलं म्हणून नगरपालिकेच्या ओव्हरसियरला हाताला धरून त्यांनी चिखलात उभं केलं होतं. अख्खं कुंभकोणम् त्यांना वचकून असे, आणि अडल्या बाळंतिणीसाठी मध्यरात्रीही त्यांचंच दार ठोठावत असे. वयाची ऐंशी उलटली तरी जिभेची धार गेली नव्हती. गोमतीला सासूचा कधी रागही येई, पण अशी दुसरी बाई तिनं पाहिली नव्हती.

ओसरीवर मठातले चंद्रमौळी बोलायला उठले.

"अंबुजाबाई म्हणजे मूर्तिमंत शांती. कधी आवाज चढविला नाही, कधी कोणास उलट बोलल्या नाहीत."

गोमतीच्या हातून पळी दाणकन पातेल्यावर आदळली. जिवंतपणी बाईंचं तोंड बंद करायची ज्यांची छाती झाली नाही, ते आता तेराव्याला ते काम उरकत होते! तिला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

चौकटीत धनलक्ष्मी परटीण घागर घेऊन उभी होती. दाराकडे बघत तिनं तमिळमध्ये विचारलं, "अम्मा, उद्यापासून आम्ही येऊ नये का?"

गोमतीनं डोळे पुसले.

"भट्टीची लाकडं फोडायची कुऱ्हाड आहे ना घरी?"

"आहे."

"घेऊन ये."

ओसरीवर भजन सुरू झालं. मृदंग घुमला, टाळ कडकडू लागले, आणि त्या गजरात मागच्या अंगणातले घाव कोणालाही ऐकू गेले नाहीत. पहिला घाव गोमतीनं घातला, दुसरा धनलक्ष्मीनं. पितळी कड्या तेवढ्या निघाल्या. बाकीचं सगळं चुलीत गेलं, आणि खीर मंद आचेवर छान आटली.

चंद्रमौळींनी तीनदा खीर मागून घेतली.

"अगदी अंबुजाबाईंच्या हातची चव," ते म्हणाले. गोमतीनं मान खाली घालून आणखी वाढली.

पंगत उठल्यावर व्यंकोजी सुताराला घेऊन मागे आला. भिंत रिकामी होती.

"दार कोठे आहे?"

"खिरीखालीं," गोमती म्हणाली.

त्याला कळायला वेळ लागला. मग त्यानं चुलीतली राख पाहिली, कोनाड्यात मांडलेल्या पितळी कड्या पाहिल्या. ओसरीवर पाहुणे अजून सुपारी कातरत होते, म्हणून ओरडताही येईना.

"त्यावर काकूचें नांव होतें!"

"तीच फळी पहिली घातली. पुढें होण्याची संवय होती त्यांस."

"उद्यांच निघा तुम्ही तिरुनागेश्वरास. पहाटेस गाडी उभी करितों."

गोमती उठली. कोपऱ्यात उभा केलेला सासूचा पाट तिनं उचलला, चौकटीत टाकला आणि त्यावर ऐसपैस बसली. आवाज बाईंसारखा खणखणीत निघाला.

"गाडी मागल्या अंगास आणा. मी येथेंच आहें."

सुतारानं व्यंकोजीकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं, आणि जेवायला पान कुठे मांडलंय ते विचारलं.

धनलक्ष्मी घागर घेऊन आली. गोमतीनं गुडघे जरासे आत घेतले, तिला वाट देण्यापुरते.