मदतीला आलेलं हिरवं सैन्य

सीन बावन्न, टेक एक.

निळ्या सैन्याने मरायचं होतं. कोणी मरेना.

सिनेमा कंपनीच्या लेखकाने १९७४च्या जानेवारीत पेपरात वाचलं होतं, की दक्षिण चिनी समुद्रात कसल्याशा बेटांवरून दोन देशांची जुंपली. तेवढ्यावर त्याने सिनेमा लिहिला. बेटं पडली लांब, म्हणून कंपनी मुंबईजवळ मढला आली आणि ओहोटीला उघडा पडणारा एक खडक तिने बेट म्हणून पसंत केला. धाकटवाडीचे कोळी निळे, थोरवाडीचे कोळी लाल. लालांनी निळ्यांचा बावटा उपटून आपला लावायचा, की सीन संपला.

खडक कोणाचा, हे कंपनीने विचारलं नाही. विचारलं असतं तर दोन उत्तरं मिळाली असती. आजोबांच्या काळात डोकी फुटल्यावर दोन्ही वाड्यांनी ठरवून टाकलं होतं: खडकावर ज्या वाडीचा बावटा उभा, त्या वाडीच्या बायकांनी तिथले खडकाला चिकटलेले शिंपले, म्हणजे कालवं, फोडायची. सध्या बावटा धाकटवाडीचा होता आणि कालवांवर अंजनाबाईची चूल पेटत होती. नवरा गेलेला, होडी विकलेली, दुसरं काही नाही. शूटिंगसाठी वाडीचा बावटा काढून कंपनीचा निळा लावायला तिने होकार दिला, तोही लहूच्या हातून लावायच्या अटीवर. लहू तिचा दीर, निळा सेनापती. छातीत गोळी लागूनही तो उभा होता.

"अरे, पड ना यार!" असिस्टंट जयवंत ओरडला.

"वैनी पडू देत नाय."

जयवंत पाण्यातून तिच्याकडे आला. "बाई, हे सगळं खोटं असतं."

"बावटा पन खोटा?"

"कापड आहे हो. दादरहून आणलंय."

"मंग कापड पन खाली नको."

टेक तीन.

लहू पडला. पडताना काठीला मिठी मारून पडला आणि मेल्यावरही सोडीना. लाल सेनापती दत्ताराम त्याची बोटं उलगडत होता. कॅमेऱ्यात ते प्रेमासारखं दिसत होतं.

छत्रीखालून डायरेक्टरने निरोप धाडला: गोष्ट बदला. निळ्यांच्या मदतीला तिसरं सैन्य येऊ दे.

"पेपरातल्या लढाईत मित्रदेश आलाच नव्हता," जयवंत पुटपुटला.

"त्यांना भाऊ नसंल," अंजनाबाई म्हणाली, आणि तिने गोराईपलीकडे माहेरी सांगावा धाडला.

टेक सात. दुसऱ्या दिवशीची ओहोटी.

तिचा भाऊ धर्मा होड्या घेऊन आला. खडकापासून चार हातांवर थांबून त्याने विचारलं, "गोळ्या खोट्या ना?"

"खोट्या!"

"मंग येतो."

कंपनीने त्यांना हिरवे डगले दिले. प्रेक्षकांचा घोटाळा नको म्हणून बावटाही हिरवा दिला, सगळ्यांत उंच.

"पळालो म्हंजे आमी हरलो का?" दत्तारामने विचारून घेतलं.

"छे, छे! माघार घेतली."

"मंग चालंल."

लाल पळाले. हिरवा बावटा मधोमध उभा राहिला. डायरेक्टर छत्रीबाहेर येऊन "झकास!" म्हणाला. अंजनाबाईने भावाची दृष्ट काढली.

टेक नाही.

निळं कापड कंपनीचं, ते कंपनी घेऊन गेली; हिरवं धर्माने आठवण म्हणून मागून ठेवलं. लहू वाडीचा जुना बावटा लावायला गेला, तर धर्मा म्हणाला, "एका खडकावर दोन बावटे? लोक हसतील रे." लहू परत आला.

पुढच्या ओहोटीला अंजनाबाई कोयता घेऊन गेली, तर तिची भावजय, धर्माची बायको सुंदराबाई, त्यांच्या वाडीच्या बायकांसकट आधीच कालवं फोडत बसली होती. टोपल्या भरत आल्या होत्या.

"वन्सं, या ना! लाजू नका. आपल्याच खडकावर कसली लाज?"

"सुंदरा, खडक आमचा."

"तुमचाच. पन राखायचा कोनी? बावटा कोनाचा ते बघा, आनि बसा त्या कोपऱ्यात. तिथं बी हायत थोडी."

अंजनाबाईने कोपरा पाहिला. तिथे थोरवाडीची सखुबाई रिकामी टोपली घेऊन बसली होती. तिच्याशी अंजनाबाई लग्न झाल्यापासून बोललेली नव्हती.

"तुला पन इथंच बसवलं?"

"हां. पावनी म्हनून." सखुबाईने टोपली उलटी केली. "माझं माहेर वसईकडं. भाऊ पुष्कळ हायत. बोलावू?"

अंजनाबाईने हिरव्या बावट्याकडे पाहिलं.

"नको. ऊठ."

दोघींनी काठीला हात घातला. काठी हलेना. कंपनीच्या सुताराने ती फटीत सिमेंट भरून बसवली होती आणि सिमेंट चांगलं वापरलं होतं. त्या एका बाजूने लोंबकळल्या, मग दुसऱ्या. सखुबाईने शिवी दिली, अंजनाबाईने तिला जोडून दुसरी दिली. भरतीचं पाणी घोट्यापर्यंत आलं.

"वन्सं," सुंदराबाई टोपली उचलत म्हणाली, "मदत करू का?"

"नको!" दोघी एकदम ओरडल्या आणि पुन्हा लोंबकळल्या.