गाठ दिसली की घर

मास्तर चिडले की त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर यायचा. त्या दिवशी तो आला एका चिंधीपायी. लेकीने घरचा पत्ता आणि फोन नंबर लिहून ती त्यांच्या शर्टाला आतून शिवली होती.

"मी काय पार्सल आहे?" मास्तर म्हणाले आणि जन्मभर शिंपीकाम केलेल्या हातांनी त्यांनी ती चिंधी बघता बघता उसवून टाकली. डोकं विसरायला लागलं होतं, हात काही विसरले नव्हते.

लेकीला ते 'सुई' म्हणत. अंगाने बारीक, जिभेने टोकदार, म्हणून सुई. आई गेल्यापासून घरात ही दोघंच. सुई एका स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढायची. "हनुवटी वर, हसू नका," असं दिवसभर लोकांना सांगून सांगून तिचं स्वतःचं हसूही आटलं होतं. त्यात मास्तर रोज आपल्या जुन्या दुकानाशेजारी चहाला जायचे आणि येताना रस्ता चुकायचे. एकदा तर परक्या दारात उभं राहून तिथल्या बाईलाच त्यांनी दरडावलं, "तुम्ही आमच्या घरात काय करताय?"

आत्या म्हणाली, "बाहेरून कुलूप घालत जा बाई. जिवाला घोर तरी नाही."

"बाबांना कोंडायचं नाही," सुई म्हणाली. "तो चहाही गेला तर त्यांच्याकडे राहिलं काय?"

आत्याने कपाळावर हात मारून घेतला. बापासारखीच हट्टी, दुसरं काय!

एका रविवारी सुईने रंगाचे डबे आणले. दुकानापासून घरापर्यंत जिथे जिथे वळण होतं, तिथे तिने भिंतीवर ताटाएवढं पिवळं बटण रंगवलं. बटणाला चार भोकं, त्यांतून ओवलेला लाल दोरा, आणि दोऱ्याचं टोक वळायचं त्या बाजूला. घराच्या दाराशी शेवटचं बटण. तिथे दोऱ्याला गाठ.

"दोरा जाईल तिकडे जायचं, बाबा. गाठ दिसली की घर."

मास्तरांनी टाका तपासावा तसा दोऱ्यावरून बोट फिरवलं. "गाठ घट्ट मारलीस ना? नाहीतर सगळं उसवतं."

आणि काय सांगावं, जमलं की! मास्तर एकटे जायचे, एकटे यायचे, आणि दारातूनच ऐट मिरवायचे, "आलो गं सुई, चुकतोय कशाला!"

बटणांसाठी भिंती शोधता शोधता सुईची नजरच बदलली. इतकी वर्षं ज्या रस्त्यांनी ती मान खाली घालून कामावर गेली, तिथले उडालेले पोपडे, गंजलेल्या विजेच्या पेट्या, एकावर एक चिकटवलेल्या जाहिराती, सगळं तिला आवडायला लागलं. स्टुडिओच्या मालकाचा कॅमेरा मागून घेऊन ती सकाळच्या उन्हात फोटो काढत हिंडायची. एका फोटोत मास्तर बटणासमोर उभे होते, बोट दोऱ्यावर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मालकाने तो मोठा करून दर्शनी काचेत लावला. मग तो फोनाफोनांतून शहरभर झाला.

कॉलेजची मुलं स्टुडिओत आली. "ताई, कसली भारी कल्पना आहे! आम्हीपण काढू का बटणं?"

सुई हरखून गेली. तिचं काही कुणाला आवडून किती दिवस झाले होते! "काढा की," ती म्हणाली. "भिंती काय माझ्या बापाच्या आहेत?"

मुलं हसली. तीही हसली. दोरा कशासाठी आहे ते तिने सांगितलं नाही. आपला बाप घर विसरतो, हे चारचौघांत कसं सांगायचं?

मुलांनी मन लावून काम केलं, त्यांना नावं ठेवायला जागा नाही. पुलाखाली, कुंपणांवर, गोदामांवर बटणंच बटणं झाली. दोरा मात्र चित्राला शोभेल तिकडे सोडलेला.

ऐन उन्हाळ्यात एकदा मास्तर भर दुपारीच चहाला निघाले. सुई घरी आली तर दार उघडं, घर रिकामं. ती आपल्या एकेका बटणापाशी धावली. दुकानाजवळच्या वळणावर तिने सहज समोर पाहिलं. पलीकडच्या भिंतीवर आणखी एक पिवळं बटण होतं. दोरा उलट्या बाजूला.

दोरा जाईल तिकडे ती धावत सुटली. एका बटणावरून दुसऱ्याकडे, गोदामांपर्यंत. तिथे शेवटचं बटण होतं. त्याला दोराच नव्हता. मुलांचा लाल रंग तिथे संपला असावा.

"त्या म्हाताऱ्या बाबांना शोधताय?" गोदामाचा रखवालदार म्हणाला. "आत्ताच अँब्युलन्समधून नेलं. दुपारपासून या भिंतीला टेकून उन्हात बसले होते. सावलीत या म्हटलं, पाणी दिलं, पण जागचे हलेनात. म्हणाले, 'माझी सुई काम अर्धं टाकत नाही. येईल आता, दोरा ओवायला.' मला वाटलं, मस्करी करतायत."

ती दवाखान्यात पोचली तेव्हा मास्तर गेले होते.

आत्या धावत आली, पण कुलपाचं एका शब्दानेही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं सुईला वाटलं. तिने नुसतं भाचीला पोटाशी धरलं, आणि मग मात्र सुईचा बांध फुटला. "माझ्या बापाच्याच होत्या गं त्या भिंती," ती रडत रडत म्हणत राहिली. "माझ्या बापाच्याच होत्या."

पुढे कितीतरी दिवसांनी ती लाल रंग घेऊन गोदामापाशी गेली. रखवालदाराने तिला ओळखलं आणि न सांगता स्टूल आणून दिलं. तिने बटणाच्या चारी भोकांतून दोरा ओवला. मग ब्रश थांबला.

"घर कुठल्या बाजूला आलं तुमचं?" रखवालदाराने विचारलं.

सुईने दोरा डावीकडे नेला नाही, उजवीकडेही नाही. स्टुलावरून उतरून, भिंतीवरून तो सरळ खाली आणला, मास्तर पाठ टेकून बसले होते तिथवर. तिथे तिने गाठ मारली.

"इथेच संपवलं?"

"हो. गाठ दिसली की घर," ती म्हणाली, आणि घट्ट दिसावी म्हणून गाठीवरून तिने पुन्हा एकदा ब्रश फिरवला.