शहाजीचा प्रश्न

गिरणीच्या वर्कशॉपातून निवृत्त झाल्यावर गुरुशांतअण्णांनी सोलापुरात घरीच छोटी लेथ, म्हणजे धातू फिरवून कातायचं यंत्र, बसवली आणि तशाच हौशी लोकांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. चाळीस जण होते. कुणी अडलं की अण्णा तासाभरात उत्तर द्यायचे.

गेल्या वर्षी ग्रुपमधला नंदीश म्हणाला, "अण्णा, नुसत्या लेथवर किती दिवस बोलायचं? थ्रीडी प्रिंटर, ड्रोन, सगळंच येऊ द्या की." अण्णांनी होकार दिला. सभासद सहाशे झाले आणि अण्णा हळूहळू ग्रुप उघडेनासे झाले.

परवा ग्रुपमधल्या जुन्या सभासदाच्या, माढ्याच्या शहाजीच्या बायकोचा, प्रियंकाचा फोन आला. चालत्या लेथचा चक, धातूचा तुकडा पकडून फिरणारा जड भाग, निसटून शहाजीच्या हातावर आला होता. दोन बोटं गेली.

अण्णा माढ्याला दवाखान्यात गेले. "चक हलत होता तर मशीन चालू कशाला केलंस?" ते चिडून म्हणाले.

"इचारलं हुतं की ग्रुपवर," शहाजी म्हणाला. "आवाजाचा व्हिडिओबी टाकला. कुणीच काय बोललं न्हाय, मला वाटलं ठीकच आसंल."

बाहेर बाकावर बसून अण्णांनी फोन उघडला. ड्रोनच्या आणि वाढदिवसाच्या केकच्या फोटोंखाली आठ दिवसांपूर्वीचा तो व्हिडिओ सापडला. आवाज ऐकताक्षणी त्यांना कळलं, चकच्या मागचे बोल्ट ढिले होते. पाना घेऊन पाच मिनिटांचं काम.

आत जाऊन शहाजीला हे कसं सांगायचं, त्यांना कळेना. प्रियंकाचाही निरोप न घेता ते तसेच एसटी स्टँडकडे निघाले.