न फोडलेलं पाकीट

लुंबिनीला बघायला उदगीरहून पाहुणे आले आणि तिच्या आईनंच घात केला. मुद्दाम न्हवं हो, घाईत! मुलगा मास्तर, स्थळ मोडू नये म्हणून पारूबाई सकाळपासून जीव तोडून राबत होती. बडीशेपेच्या ताटलीत तिनं कपाटातली बबलगमची तीन पाकिटंही मांडली. पोरगी इतकी जपून ठेवती म्हंजी पाहुण्यांसाठीच असणार, असं त्या भाबड्या बाईला वाटलं.

आता ही पाकिटं म्हणजे काय, ते ऐका. तीसेक वर्षांपूर्वी बबलगमसोबत क्रिकेटवाल्यांची कार्डं यायची. लातुरात पोस्टात नोकरी करणारी लुंबिनी ती कार्डं, वरचे कागद, सगळं गोळा करते. भाऊबंद म्हणतात, "साहेबीण कचरा वेचती!" म्हणोत बापडे. ही पाकिटं तिला अर्धापूरच्या एका बंद पडलेल्या किराणा दुकानात सापडली, कुणीच न फोडलेली. आत कुणाचं कार्ड आहे, देव जाणे. फोडलं की खेळ खलास.

ती चहा घेऊन आली, तर मुलाचा मामा नरसिंगराव पाकिटाला दात लावून बसलेला!

"मामा, थांबा!" ट्रे आदळून तिनं पाकीट हिसकावलं.

"अगं, गोळीच हाय की."

"जुनी हाय. फोडली की मातीमोल."

"फोडल्याबिगर आत काय हाय ते कळणार कसं?"

"न्हाईच कळत. म्हणून तर जपायची."

मामा पिसाळला. "लग्नानंतर हे चाळे चालणार न्हाईत. पहिल्याच दिवशी हा कचरा चुलीत!" मुलगा, अश्वजित, खाली मान घालून चहात बिस्कीट बुडवत राहिला.

लुंबिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं उरलेली दोन्ही पाकिटं उचलली. "मग लग्नबी चालणार न्हाई."

"लुंबे!" पारूबाई कडाडली. लुंबिनीनं मूठ काही सोडली नाही. आता आई चारचौघांत आपल्यालाच झापणार, हे ती धरूनच चालली होती.

पारूबाई उठली. पाहुण्यांपुढची ताटली तिनं उचलून घेतली.

"मामा, चूक माझी हाय. जपायची वस्तू मी खायच्या ताटलीत मांडली," ती म्हणाली. "पोरीचंबी तेच करायला निघाले होते. जय भीम. उदगीरची गाडी हाय आत्ता."