कोसळण्याचं पान

“मी टेबलाशी बसलेलो नाही असं धर आणि मग पानं लाव,” दादा सांगायचा. “खेळणाऱ्यांना विचारायला कुणी नाही. विचारायचं ते पुस्तकालाच.”

दादाने वीस वर्षं तो खेळ चालवला. सुट्टीच्या दिवशी पाच-सहा जण त्याच्या टेबलाभोवती जमायचे, प्रत्येक जण एकेक वाटसरू व्हायचा. वाटेत आलेला पूर, चोर, कडा दादा सांगायचा, आणि वाटसरू तगला की पडला हे फासे ठरवायचे. निम्मे नियम दादाच्या डोक्यात, उरलेले सात वह्यांत. आजारपणात त्याने त्या वह्या माझ्या मांडीवर ठेवल्या. मी एका प्रकाशनात पानं लावण्याचं, म्हणजे मजकूर आणि चित्रं पानांवर बसवण्याचं काम करते. “ज्यांनी मला कधी पाहिलं नाही त्यांनाही खेळता आलं पाहिजे. शब्द दे,” म्हणाला. मी दिला. पुढच्या महिन्यात तो गेला.

आमच्या मालकांनी पुस्तक काढायचं कबूल केलं आणि मी आठ महिने पानं लावली. नियमांचं पुस्तक कादंबरीसारखं कुणी वाचत नाही. ते घाईत, एका हाताने उघडलं जातं. दुसऱ्या हातात फासे असतात. म्हणून आधी करायचं ते आधी, एकदम लागणारं ते समोरासमोर, आणि कुठलाही नियम अर्ध्यात पान उलटायला लावणार नाही. ‘कोसळणं’ तर मी चार वेळा लावलं. वाटसरूचा दम संपला की तो कोसळतो. तीन फेकींच्या आत सोबत्यांनी सावरलं तर जगतो, नाहीतर गेला. टेबलाभोवती सगळ्यांचे श्वास अडकलेले असताना शोधाशोध करायची नसते. डावं पान, उजवं पान, संपलं. आणि शेवटी आठ पानांची सूची, म्हणजे एखादा शब्द आठवला की त्याचं पान लगेच हाती लागावं.

आता माझ्या नेमाबद्दल सांगणं आलं. एरवी मी तो कुणाला सांगत बसत नाही. उठल्यापासून दहा वाजेपर्यंत माझं मौन असतं. अकरा वर्षं झाली. ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे आणि त्याने कुणाचं कधी अडलं नाही, कारण बैठका कायम अकराला असतात.

त्या गुरुवारी बैठक नऊला लागली.

पुस्तकाची चित्रं काढणाऱ्या चित्रकाराने माझी पानं हलवून केलेली नवी मांडणी भिंतीवर चिकटवून ठेवली होती. सुरुवातीची चाळीस पानं नुसता राज्याचा इतिहास, अक्षरं तपकिरी कागदावर तपकिरी. कोसळण्याचे तीन तुकडे: दम संपणं ‘लढाई’त, फेकी ‘औषधोपचारा’त, सोबत्यांनी सावरणं थेट ‘मैत्री’च्या प्रकरणात. सूची गायब. तिच्या आठ पानांवर राजघराण्यातले आठ जण, पानाला एक, दाढीमिशांसकट.

“वाचक आधी भारावला पाहिजे,” चित्रकार म्हणाला. “नियम काय, येतात मागाहून.”

मी चिठ्ठी लिहून पुढे सरकवली. मालकांनी ती मोठ्याने वाचली. “‘सूची काढू नका. कोसळणं तोडू नका.’ ताईंची चिठ्ठी आली बरं का! अहो ताई, एवढं वाटतंय तर बोला की तोंडाने.”

घड्याळात नऊ पंचवीस झाले होते.

“मौन म्हणजे संमती,” चित्रकार म्हणाला. सगळे हसले. ठरलं.

मी जागेवर येऊन बसले. नामस्मरणाला घेतलं, पण प्रत्येक नावाआड चित्रकाराचं हसरं तोंड येत होतं. राग निवव, असं देवाला म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. तो निवावा असं मला वाटतच नव्हतं. दादा शेवटच्या दिवसांत धाप लागत असतानाही फेकींचा हिशेब मला समजावत होता, आणि हे त्याच्या मरणाच्या नियमाचे तीन तुकडे करून वर दात काढत होते. राग माझ्यावरही होता. मी नेम पाळला, की नेमाच्या आडोशाला बसले? याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

दहा वाजले. मी चित्रकाराच्या मांडणीचा छापील गठ्ठा उचलला आणि मालकांच्या खोलीत गेले. चित्रकार तिथेच चहा पीत होता.

“साहेब, पाच मिनिटं खेळू या,” मी म्हटलं. माझा आवाज लहान आहे. राग आला की आणखी लहान होतो.

“आत्ता?”

“आत्ताच. हे वाटसरू,” मी चित्रकाराकडे बोट केलं. “कड्यावरून पडले. दम संपला. तुम्ही यांचे सोबती. हे पुस्तक. वाचवा यांना.”

“वा, मलाच मारलंत!” चित्रकार म्हणाला.

मालकांनी हसत गठ्ठा ओढला. इतिहास. आणखी इतिहास. “अनुक्रमणिकेत बघतो. ‘कोसळणं’... हे तर दिसत नाही.”

“‘लढाई’त बघा, साहेब,” चित्रकार म्हणाला.

“पण तू लढलास कुठे? पडलास ना कड्यावरून?” तरी त्यांनी लढाई काढली. चष्मा चढवला, कागद खिडकीकडे धरला. “अक्षर कसलं हे, चिखलात मुंग्या! हां. ‘दम संपल्यास वाटसरू कोसळतो. फेकींसाठी पाहा पान शून्य शून्य.’ शून्य शून्य?”

“प्रकरणं हलवली की आकडे नव्याने भरावे लागतात,” मी म्हटलं. “ते कुणी भरलेले नाहीत. पुस्तकभर शून्य शून्य आहे.”

“ते होईल नंतर,” चित्रकार पुटपुटला.

“अरे, मग मी आता जाऊ कुठे?”

“लवकर करा साहेब, मरतोय मी.”

“मर!” मालक ओरडले. पानं सटासट उलटत होती, दोन खाली पडली. सहा मिनिटं झाली, सात झाली. चित्रकाराचा चहा निवला. शेवटी त्यांनी गठ्ठा आपटला. “ताई, तुम्हाला माहितेय ना कुठेय ते? मग सांगून टाका!”

“नाही सांगणार. मी तुमच्या टेबलाशी नाहीये.”

मी खाली पडलेली दोन पानं उचलून गठ्ठ्यावर ठेवली.

“मेले हे,” मी म्हटलं. “पुस्तक घेतील त्यांचे वाटसरूही असेच मरतील. मग पुस्तक कपाटात जाईल. दादाने खेळ कपाटात ठेवायला दिला नव्हता.”

“बैठकीतच बोलायचं होतंत.” मालकांचे कान लाल झाले होते. “तुमच्या मौनापायी आम्ही थांबायचं का?”

“बैठक नऊला कुणी लावली?”

मालकांनी चित्रकाराकडे पाहिलं. चित्रकाराने कपाकडे पाहिलं.

“मीच म्हटलं,” तो म्हणाला. “तुम्ही एकदा समजवायला लागलात की कुणाला नाही म्हणता येत नाही, ताई. आवाज चढवला असतात तर भांडलो असतो.”

टोचून बोलायचं नाही हाही माझा एक नेम आहे. त्या क्षणी तो मोडला असता तर मला वाईट वाटलं नसतं. ओठांपर्यंत आलेलं गिळलं.

“हे बघा,” मालक म्हणाले. ते ओशाळले होते, आणि ओशाळलेला माणूस जास्त कडक बोलतो. “पानं एकशे ब्याण्णव. एकही वाढणार नाही. एकही चित्र गाळायचं नाही, त्यांचे पैसे दिलेत मी. सोमवारी सकाळी नऊला फाइल छापखान्यात जाणार, असेल तशी. त्याआधी बसवा काय बसवायचं ते. नाही जमलं तर हेच जाईल.”

“राजे कव्हरच्या आतल्या बाजूंना जातील,” मी म्हटलं. “चार पुढे, चार मागे. दोन्ही बाजू कोऱ्याच आहेत. सूचीला आठ पानं सुटतात.”

“कव्हरच्या आत?” चित्रकार उठलाच. “एका पानावर चार-चार? त्या राणीच्या शालीला मला तीन आठवडे...”

“खाली बस,” मालक म्हणाले. “तू मेलेला आहेस.”

चित्रकार माझ्या मागोमाग दारापर्यंत आला. “ताई, मदत करू का? आकडे भरतो मी.” मी मान हलवली, नको म्हणून. क्षमा करायला हवी, मला कळतं. ते सोमवारनंतर बघू.

दुपारभर मी राजांना दाटीवाटीने बसवलं, तपकिरी अक्षरं काळी केली आणि इतिहास मागे नेला. ‘कोसळणं’ पुन्हा जोडून डावं-उजवं समोरासमोर आणलं. संध्याकाळी सगळी पानं छापून काढली. संदर्भ तीनशेच्या वर होते आणि प्रत्येकापुढे शून्य शून्य. ऑफिस रिकामं झालं. मालक जाताना माझ्या टेबलाशी क्षणभर रेंगाळले. मी वर पाहिलं नाही.

पेन्सिलीला टोक केलं, सूचीसाठी कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा डाव्या हाताशी घेतला आणि पान एक समोर ठेवलं. पहिल्या चिठ्ठीवर लिहिलं, ‘अडखळणं’, आणि त्यापुढे पानाचा खरा आकडा.