टोपल्यांसकट अठरा

मागच्या श्रावणात सीताबाई पैनगंगेत बुडून मेली. चौकशीला आलेल्या माणसाने लिहून नेलं की नावेत माणसं तीस होती, परवानगीही तिसांचीच होती, तेव्हा दोष कुणाचाच नाही. हे ऐकून आवडाबाईच्या तळपायाची आग जी मस्तकात गेली, ती वर्ष झालं तरी उतरली नव्हती.

दोष कुणाचाच नाही म्हणे. अहो, तो बाजाराचा दिवस होता. नदीच्या या काठाला माळ्यांचे मळे आणि रिसोडचा बाजार त्या काठाला. पावसाळ्यात मधे ही एकच नाव. बाजाराला निघालेली बाई काय हात हलवत निघते? तीस माणसांबरोबर तीस टोपल्या होत्या, वांग्यांनी, दोडक्यांनी, पाणी मारलेल्या मेथीने शिगोशीग भरलेल्या. त्या काय हवेत तरंगत होत्या? पण चौकशीवाल्याने माणसं मोजली आणि टोपल्यांकडे कानाडोळा केला. पलीकडचा काठ हाकेवर आला असताना नाव कलली. बाकीच्यांना बाभळीच्या फांद्या सापडल्या, सीताबाईला सापडली नाही. आवडाबाईची आणि तिची जोडी लग्न होऊन या गावात आल्यापासूनची. दोघींचे मळे एका बांधाला.

हा तिसांचा आकडा आला कुठून, तेही सगळ्या गावाला ठाऊक होतं. दरवर्षी नदीला पाणी चढायच्या आधी अकोल्याहून एक साहेब नाव तपासायला येई. नाव पाण्यात घालायची, माणसं एकेक करून आत बसवायची, आणि काठ पाण्यापासून वीतभर वर उरला की थांबायचं. तिथे बाहेरच्या अंगाला पांढरा पट्टा ओढायचा, आत किती बसले तो आकडा फळीवर रंगवायचा, की झाली नाव पास. घाटाचा ठेकेदार बबनराव मोठा हुशार गडी. तो त्या दिवशी गावातले वाळके म्हातारे आणि काटकुळ्या म्हाताऱ्या गूळ-फुटाण्यांच्या बोलीवर गोळा करून आणी. सगळे रिकाम्या हातांनी, हसतखिदळत, जत्रेला आल्यासारखे नावेत बसत. आवडाबाई स्वतः दोनदा बसून आली होती. ते फुटाणे आपण मिटक्या मारत खाल्ले, याचा तिला आता सगळ्यात जास्त संताप येई.

यंदा साहेब आला तेव्हा बबनरावाने म्हातारे जमवलेच होते. वर्ष पुरतं झालं नव्हतं माणूस जाऊन, आणि याचं आपलं तेच. आवडाबाई मळ्यातून सरळ घाटावर आली, डोक्यावर भरली टोपली, मागे सात-आठ बाजारकरणी, त्यांच्याही डोक्यावर टोपल्या. कुणाला काही न विचारता ती नावेत चढली आणि टोपली मांडीशी घेऊन बसली.

"बाई, टोपली खाली ठेवा. माणसं मोजायची आहेत," साहेब म्हणाला.

"मंग मले बाजाराले पाठवान तवाबी टोपलं खालीच ठेवाले सांगसान का?"

साहेब उन्हाने हैराण झाला होता. बबनरावाकडे पुरणपोळीचं जेवण वाट बघत होतं. "हे पाहा, नियमात माणसं लिहिलीत. टोपली कुठे लिहू मी?"

"कुठंबी लिवा. म्या नाई उठत."

बबनराव पुढे झाला. गोड बोलायची त्याची सवय. "आवडाबाई, काहून तमाशा करून राह्यली वं? आकडा कमी झाला त खेपा वाढतीन. तुमचाच माल उन्हात सुकन. मी तुमच्याच भल्यासाठी सांगतो."

"माह्या भल्याचं तू नको सांगू, बबन. सीताबाईचंबी भलं तूच केलं."

बाकीच्या बायकाही टोपल्या घेऊन एकेक करून चढल्या. तांड्यावरची रामीबाई आपली जांभळांची पाटी घेऊन चालली होती, तीही येऊन बसली. मग बघे म्हणून उभे असलेले लोक घरी जाऊन जे हाती लागेल ते घेऊन आले. कुणी ज्वारीचं पोतं आणलं, कुणी कोंबड्यांचा खुराडा. साहेबाने दोनदा घड्याळ पाहिलं आणि तिसऱ्यांदा पाहायचं सोडून दिलं. त्याला शहाणपण सुचलं म्हणा की नुसता कंटाळा आला म्हणा, त्याने "बसा एकदाचे" म्हटलं. अठरावा माणूस बसला आणि काठ वीतभर उरला. झिंगाजी भोयाने, म्हणजे नाव चालवणाऱ्याने, मुकाट्याने पट्टा ओढला आणि साहेबाने सांगितलं तसं फळीवर रंगवलं: टोपल्यांसकट अठरा.

आवडाबाईला वाटलं, आपण जिंकलो. खरं तर इथून पुढेच सगळं अवघड होतं.

कारण या मुलखात माणूस दारात उभा राहिला की आतला सरकतो. पंगतीत सरकतो, बैलगाडीत सरकतो, मोटारीत तर एकाच्या मांडीवर दुसरा बसतो. उशिरा आलेल्याला जागा नाही म्हणणं म्हणजे त्याचं पाणी तोडण्यासारखं. असा निर्दय माणूस गावात कुणी नव्हता, आणि गावाला त्याचा अभिमान होता. नियमाचा आकडा फळीवर रंगवता येतो. पण लोकांच्या अंगातलं सरकणं कोण पुसून काढणार?

श्रावणातल्या पहिल्याच बाजाराला नदी दुथडी भरून चालली होती. आवडाबाई पहाटेची मेथी घेऊन आली आणि सतरावी बसली. तिच्यामागून रामीबाई आली. झिंगाजीने बांबू हाती घेतला, एवढ्यात उतारावरून हाक आली. गोमती येत होती, सीताबाईची लेक. वर्षापूर्वीच गावातल्या गावात लग्न झालेली. आईच्या मळ्यातली भाजी विकायला ती आज पहिल्यांदा निघाली होती, डोक्यावर आईचीच टोपली.

नावेत एकदम चुळबुळ झाली. कुणाला काही सांगावं लागलं नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या सरकल्या, आणि मधोमध एका माणसाची जागा आपोआप तयार झाली.

"ये वं पोरी, ये," कुणीतरी म्हटलं.

"कोणी सरकू नका," आवडाबाई म्हणाली.

गोमतीचा एक पाय पाण्यात होता. ती तशीच थांबली. "मावशी, म्या हावो."

"दिसून राह्यलं मले. दुसऱ्या खेपेनं ये."

"दुसऱ्या खेपेले बाजार उठते."

"उठू दे."

बायका आवडाबाईकडे अशा पाहू लागल्या, जसं काही तिने पोरीच्या थोबाडीत मारली. रामीबाई म्हणाली, "पोरगी हाये, आवडाबाई. तिच्या मायच्या जागी बसू द्या." आणि काठावरून बबनराव मजेत म्हणाला, "कायदा तुमीच करून आणला ना? आता भोगा."

गोमतीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "माही माय असती त तिलेबी असंच उभं ठेवलं असतं तुमी?"

आवडाबाईचा आवाज चढला. तो पोरीवर चढला नव्हता, पण पोरीला ते कसं कळावं. "मागच्या साली तुही माय अशीच मागून आली, तिसावी. सगळ्यात पयले म्या सरकली. म्या हात देऊन वर घेतलं तिले. तवा मले कोणी म्हणाले पायजे होतं, का सरकू नको म्हणून. कोणी नाई म्हटलं. लोट, झिंगाजी."

झिंगाजीने नाव लोटली. गोमती टोपली घेऊन काठावर उभी राहिली.

खेपभर नावेतल्या बायका आवडाबाईकडे पाठ फिरवून बसल्या. तिला सगळ्यांचा राग आला होता. बबनरावाचा, टोपली कुठे लिहू म्हणणाऱ्या साहेबाचा, अशा वेळीच नेमक्या दयाळू होणाऱ्या या बायकांचा, बुडून मेलेल्या सीताबाईचाही. पलीकडे उतरल्यावर सगळ्या बाजाराला जाणाऱ्या छोट्या बैलगाड्यांकडे धावल्या. आवडाबाई काठावरच थांबली. मेथीवर ओलं फडकं टाकलं आणि नदीकडे तोंड करून बसली. त्या काठावर आपण नसताना दुसऱ्या खेपेला किती जण सरकतील, हे तिला चांगलंच माहीत होतं. बबनराव तर वाटच बघत असेल.

मेथीने मान टाकली तेव्हा कुठे नाव परत निघालेली दिसली. आवडाबाई उठून उभी राहिली. लांबून माणसं मोजता येईनात म्हणून ती पट्टा शोधू लागली. मातकट पाण्यावर तो सबंध दिसत होता.

गोमती सगळ्यांत आधी उतरली. आवडाबाईच्या अंगावरून गेली, पण तिच्याकडे पाहिलंही नाही. चेहरा रागाने लाल झाला होता. टोपली सावरत ती सरळ रस्त्याला लागली.

"काय झालं गा?" आवडाबाईने विचारलं.

झिंगाजी नाव बांधत होता. "अठरा भरल्यावर बबनरावचा साळा आला होता मागून, दोन पोते घेऊन. बबनरावनं सांगतलं, सरका. लोकं सरकलेबी. त हे पोरगी उठून उभी राह्यली मधात. म्हणे, मले नाई घेतलं, माह्या मायच्या मैतरणीनं नाई घेतलं, मंग ह्याले कायले घेता? बबनरावनं लई आरडाओरड केली. ते बसेचना खाली. शेवटी साळा उतरला."

वर रस्त्यावर गोमती भराभरा चालली होती, मागे वळून न बघता. पोर आपल्याशी कदाचित कधीच बोलणार नाही, हे आवडाबाईला कळलं, आणि वर्षात पहिल्यांदा ती मोकळी होऊन रडली. मग नाक पुसून तिने सुकलेली मेथी डोक्यावर घेतली आणि मिळेल त्या भावाने विकायला निघाली.